झेड ड्राइव्ह दिसतो, पण फॉक्सप्रोला सापडत नाही

मशीद बंदरच्या ऑफिसातला प्रश्न असा आहे: एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरून जोडलेला सामायिक फोल्डर) उघडतो, पण फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसचा प्रोग्राम 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केला की डीबीएफ (डेटाची फाइल) सापडत नाही. शिवाय सीडीएक्स इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची-फाइल) वरचेवर बिघडतो.

नवा नेटवर्क स्विच आणायला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊ नका. साधं आणि अ‍ॅडमिन ही विंडोजची दोन वेगळी लॉगऑन सत्रं असतात. एकात जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाही. अ‍ॅडमिनशिवाय चालत असेल तर तसंच चालवा, तेच बरं. नाहीतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\पॉलिसीज\सिस्टिम इथे 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' हे डीवर्ड (आकडी नोंद) १ करून मशीन रीस्टार्ट करा.

इंडेक्सचं दुखणं वेगळं. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल उघडण्याची पद्धत; तिच्या आवृत्ती २ पासून प्रत्येक पीसी फाइलची माहिती काही सेकंद स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे दोघं एकदम व्हाउचर टाकताना एकाला जुनाच आकार दिसू शकतो. रजिस्ट्रीतच लॅनमनवर्कस्टेशन\पॅरामीटर्समध्ये 'फाइलइन्फोकॅशेलाइफटाइम', 'डिरेक्टरीकॅशेलाइफटाइम' आणि 'फाइलनॉटफाउंडकॅशेलाइफटाइम' ही तिन्ही डीवर्ड शून्य करा, तेही प्रत्येक पीसीवर. फोल्डर थोडा हळू उघडेल, चालेल.

बिघडलेल्या सीडीएक्सवर नुसतं रीइंडेक्स पुरत नाही, कारण ते त्याच खराब फाइलमधली व्याख्या वाचतं. सगळ्यांना बाहेर काढा, डेटाची कॉपी घ्या, टेबल एक्सक्लुझिव्ह (फक्त स्वतःपुरतं) उघडून 'इंडेक्स ऑन'ने टॅग (सीडीएक्समधल्या एकेक सूची) नव्याने बांधा.

हे सगळं टाळायला जुनं एसएमबी १ मात्र कृपा करून चालू करू नका. २०१७चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून पसरला होता. आणि एंट्री करणारे पीसी वायफायवर नकोत, केबलवरच ठेवा; लिहिता लिहिता सिग्नल तुटला तर वरची कुठलीच सेटिंग वाचवत नाही.