मदत हवी आहे : झारला आसरा मिळाला असता तर?

नमस्कार. रशियाचा झार दुसरा निकोलस आणि ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज हे सख्खे मावसभाऊ होते, आणि चेहरेपट्टी, दाढीमिशांसकट, इतकी सारखी की छायाचित्रांत गल्लत व्हावी. मार्च १९१७ मध्ये निकोलसने पदत्याग केल्यावर ब्रिटिश सरकारने त्याच्या कुटुंबाला आसरा देऊ केला होता, परंतु जॉर्जनेच आपले सचिव लॉर्ड स्टॅमफोर्डहॅम यांच्याकरवी तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे मुलाबाळांसह सर्वांची हत्या झाली. १९१९ मध्ये मात्र जॉर्जच्या मावशीला, म्हणजे निकोलसच्या आईला, क्रिमियातून आणण्यासाठी ब्रिटिश युद्धनौका गेली, हे मला फार अस्वस्थ करते. पेट्रोग्राड सोव्हिएतचा (राजधानीतील कामगार-सैनिकांच्या परिषदेचा) कडवा विरोध पाहता, प्रस्ताव कायम राहिला असता तरी पदत्यागानंतर रशियात सत्तेवर आलेले हंगामी सरकार त्या कुटुंबाला बंदरापर्यंत सुखरूप पोहोचवू शकले असते का? जाणकारांनी कृपया साधार मार्गदर्शन करावे.