मदत हवी आहे: दातांना तारा असलेल्या बॉक्सरचा माउथगार्ड

वरच्या आणि खालच्या दातांवर ब्रॅकेट (तार धरणारे, दाताला चिकटवलेले छोटे तुकडे) आहेत आणि स्पारिंग (सरावाची लढत) चालू ठेवायचं आहे. गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड इथे नको वाटतो. मऊ झालेलं ईव्हीए (गार्डचं लवचिक प्लास्टिक) ब्रॅकेटच्या कडांखाली शिरून अडकतं, ओढून काढताना ब्रॅकेट निखळतो. शिवाय जोरात चावलं की दाढांवरचा थर फार पातळ होतो, आणि हनुवटीला खालून ठोसा बसतो तेव्हा आधार त्याच थराचा असतो.

म्हणून वरच्या दातांचं माप घेऊन, त्यावरून केलेल्या प्लास्टरच्या साच्यावर ब्रॅकेट आणि तार सिलिकॉनने बुजवून, वर ईव्हीएचे दोन थर द्यायचे. एकच 4 मिमीची शीट गरम करून साच्यावर ओढली तर पुढच्या दातांवर ती बरीच पातळ होते. तयार गार्ड ओठाकडून 3, चावण्याच्या बाजूला 2 आणि टाळूकडे 1 मिमी हवा.

अडतंय ते पुढे. दात सरकत राहणार, मग सिलिकॉनची जागा किती ठेवावी? जास्त ठेवली तर तोंड उघडताच गार्ड खाली येतो, कमी ठेवली तर उपचारातली हालचाल अडते. तार बदलली की दर वेळी नवीन माप घेता का? आणि खालच्या ब्रॅकेटने ओठ आतून फाटू नये म्हणून मेणाऐवजी टिकणारं काय वापरता?