जुन्या डिझेल फोर बाय फोरचं कूलंट कमी होतंय, खाली थेंबसुद्धा नाही. लीक शोधायचा कसा?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडं २००५ ची डिझेल जीप आहे, फोर बाय फोर, वडलांनी घेतलेली. शेताकडं पावसाळ्यात काळ्या मातीतनं हीच गाडी जाते आणि दर पौर्णिमेला आईला तुळजापूरला न्यायलापण हीच, त्यामुळं विकायचा विषय नाही. दीड महिना झालं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, कमी होयलंय. आठवड्याला अर्धा लिटर तरी टाकालोय, पण सकाळी खाली बघावं तर फरशी कोरडी ठाक. गावात टेंपरेचरचा काटा मधेच असतो पण परवा तुळजापूरच्या घाटात दुपारी दोनच्या उन्हात लाल पट्टीला टेकला, कडेला घेतली, बॉनेट उघडलं, गोडसर वास आला, ओलं मात्र कुठंच दिसलं नाही. मेकॅनिक म्हणाले हेड पॅकिंग (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, पाणी आत सिलिंडरमध्ये जातंय, इंजिन खोलावं लागेल, पंचवीस हजार धरून चला. पण धूर पांढरा नाही, ऑइलची दांडी बघितली तर ऑइल काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही. खरंच हेड असेल का? पैसे घालायच्या आधी घरी काय तपासता येईल?

अक्कलकोटरोड_गॅरेज
मालक, इंजिन खोलायची घाई करू नका. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण काढा, पाणी वरपर्यंत भरा, स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघत बसा. सुरुवातीला थोडी हवा निघते ती वेगळी, पण बारीक बुडबुडे सारखे येतच राहिले, रेस केल्यावर वाढले, तर हेडवर संशय घ्या. दुसऱ्या दिवशी टोपण लावून थंड स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, दाबा, मिनिटभरात दगडासारखा कडक झाला तरी तेच. पाणी तापायच्या आधी प्रेशर आलं म्हणजे ते सिलिंडरमधनंच येतंय, दुसरीकडनं कुठनं येणार. गरम गाडीचं टोपण मात्र कधीच उघडू नका, माझ्या हातावर डाग आहे अजून.
हे दोन्ही नसेल तर बहुतेक बाहेरचाच लीक. प्रेशर टेस्टर मिळवा, रेडिएटरच्या तोंडावर बसतो, हातपंप असतो त्याला. टोपणावर ०.९ (बार) लिहिलं असेल तर तेवढंच भरायचं, म्हणजे साधारण १३ पीएसआय, त्याच्यावर नाही, जुना रेडिएटर फाटतो. मग वीस मिनिटं काट्याकडं बघायचं. इंजिन बंद आणि थंड हवं, ही मुद्द्याची गोष्ट आहे. चालू गाडीत पाणी तापलेल्या ब्लॉकवर पडतं आणि जागेवर वाफ होऊन जातं, वर फॅन सगळं मागं उडवतो, म्हणून तुम्हाला फरशीवर काही सापडंना. ओल जिथं दिसेल तिथं थांबू नका, तिथनं वर वर जात रहा, सगळ्यात वरची ओली जागा तोच लीक. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खाली बारीक भोक असतं, तिथं वाळलेला पांढरा-हिरवा ओघळ आहे का बघा, असेल तर आतलं सील गेलं.

मोहोळचा_शेतकरी
आमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधी हळदीची पुडी सोडली होती, दोन सीझन काढले. दहा रुपयाचं काम हाय, आधी ते करून बघा की.

जुळेसोलापूर_डिझेल
काका, राग मानू नका, रानात अडकल्यावर घरी येण्यापुरती हळद ठीक आहे, पण ती भोक बघून बसत नाही हो, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतपण जाऊन बसते. आपल्याकडं आधीच बोअरचं पाणी किती जड आहे, बादलीला आठ दिवसांत पांढरा थर येतो, तोच थर इंजिनात धरतो. लोक टॉपअप म्हणून नळाचं नाहीतर बोअरचं ओतत राहतात आणि मे महिन्यात गाडी तापली की कंपनीला शिव्या. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, दुसरं काही टाकू नका.
होटगीरोडकर, टोपणाचं रबर पण बघा. प्रेशरमुळंच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, रबर कडक झालं असेल तर घाटात सगळं ओव्हरफ्लोमधनं बाहेर जातं. आणि एक विचारायचं होतं, घाटात काटा वर गेला तेव्हा हीटर चालू केला होता का? डॅशखालचं मॅटिंग ओलं आहे का, काचेला आतनं चिकट धुकं धरतं का? सोलापुरात हीटर लावतंय कोण, त्यामुळं हीटरला जाणारे मागचे ते दोन होज गाडी घेतल्यापासून कुणी हातात धरलेले नसतात.

होटगीरोडकर
रविवारी केलं सगळं. बुडबुडे नाहीत, होजपण मऊच राहिला, तिथंच जीव निम्मा भांड्यात पडला. मित्राकडनं टेस्टर आणला, ०.९ भरलं. पाच मिनिटांत काटा ०.६ वर. पुढं सगळं कोरडं, वॉटर बॉडीपण कोरडी. मग रेडिओ बंद केला, पोरांना आत पाठवलं आणि नुसतं कान देऊन उभा राहिलो तर इंजिनच्या मागनं, फायरवॉलकडनं (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बारीक सुस्स आवाज. हात जाईना म्हणून बायकोचा छोटा आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन बघितलं. हीटरला जाणारा होज, क्लिपच्या बरोबर काठाला नखाएवढी चीर, आणि तिच्यातनं केसासारखी धार क्लच हाउसिंगवर पडालती. तिथं हिरवट मिठासारखा थर जमलेला, म्हणजे कितीतरी दिवसांचं आहे. होज दाबला तर बिस्किटासारखा कुरकुरला. ताई, घाटात काटा खाली आणायला हीटर सोडला होताच मी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं.

अक्कलकोटरोड_गॅरेज
छान शोधलात. दोन्ही होज बदला, एकच नको, वय दोघांचं सारखंच. नवीन क्लिप घ्या आणि ज्या पाइपवर होज बसतो तो पॉलिश पेपरनं घासून घ्या, तिथला गंज नवीन होजलापण कापतो. भरताना गाडीचं तोंड चढाकडं ठेवा, हीटरचा कॉक उघडा, टोपण काढून थंड गाडी स्टार्ट करा आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत हळूहळू भरत रहा. आत हवा राहिली तर परत तापेल आणि परत तुम्हाला हेडच खोलायला सांगतील.

जुळेसोलापूर_डिझेल
आणि जुनं कूलंट अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये झाकण लावून ठेवा.

होटगीरोडकर
दोन्ही होज, चार क्लिपा आणि नवीन टोपण, सगळं मिळून साडेसहाशे रुपये. जुनं कॅनमध्ये भरलंय. काल परत प्रेशर भरून अर्धा तास ठेवलं, काटा हलला नाही. मोहोळच्या काकांचेपण आभार, आपुलकीनं सांगितलंत. पौर्णिमेला आईला घेऊन घाट चढतो आणि काटा कुठं राहिला ते इथंच लिहितो.