'क्लोज-निट नेबरहुड' लिहिलं तर चालेल का?

इंग्लिशच्या क्लाससाठी आमच्या गल्लीवर दहा ओळी लिहायच्यात. राहायला आलो त्या दिवशी समोरच्यांनी न सांगता टेम्पोतून कपाट उतरवायला हात लावला, आणि आता दोन दिवस बाहेर गेलो की किल्ली त्यांच्याकडेच असते, अशी माणसं. मी लिहिलं 'वुई लिव्ह इन अ क्लोज नेबरहुड', तर मैत्रीण म्हणते क्लोज नाही, क्लोज-निट. हे निट म्हणजे आपलं 'नीट' का? 😅

पेन्सिल: मैत्रीण बरोबर आहे. निट म्हणजे विणणे, स्वेटर विणतात ना तेच, स्पेलिंगमधे आधी के असतो पण तो म्हणायचा नाही. आपण नात्यांची वीण घट्ट म्हणतो, डिट्टो तेच. नुसतं क्लोज ठेवलंस तर वाचणारा विचारेल जवळ म्हणजे कशाच्या जवळ?? आणि नेबरहुडच्या आधी येतंय म्हणून मधे हायफन टाक. टाइट-निट पण चालतं.

रात्रपाळी: उच्चार मात्र क्लोस-निट हां, शेवटी स. क्लोज म्हणजे दार बंद करणं. आपल्याकडे सगळे सर्रास क्लोज फ्रेंड म्हणतात, मी पण 🙈

उंटावरून: थोडं वेगळं मत. क्लोस-निट म्हणजे ते लोक आपापसात घट्ट, पण नवीन माणसाला आत घेतीलच असं त्यात कुठे येतं? उलट कधीकधी इतकी घट्ट वीण असते की बाहेरच्याला सुई घालायला जागा नाही, वर कोण कधी आलं गेलं सगळ्यांना माहीत. तुझं कपाट उचललं त्याला शब्द वेलकमिंग. किल्ली ठेवणं हे क्लोस-निटमधे बसेल.

पेन्सिल: हे पटलं, माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

टिंग्या०७: सरळ 'फ्रेंडली नेबरहुड' लिही की, चूक काहीच नाही त्यात. फक्त पुढे 'युवर' लावून स्वतःबद्दल लिहू नको, ते स्पायडरमॅनचं आहे, लोक हसतील 😂

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: 'इट इज अ क्लोस-निट नेबरहुड, बट दे वेअर वेलकमिंग फ्रॉम द फर्स्ट डे.' नीट-निटचं मैत्रिणीला सांगणार नाहीये, वर्षभर चिडवेल.