रेकॉर्डिंगमध्ये न आलेलं : तुमचे अनुभव सांगा

संगीत आणि माहितीपट यांवर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यापायी फिरणं होतं. दौऱ्यावरून आणलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा त्यात न आलेलंच जास्त लक्षात राहतं, हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

मिरजेचं सांगतो. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यावर छोटी फिल्म करायला गेलो होतो. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे भोपळे, तुनाचं लाकूड, २०२४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं वहीत टिपलेलं. एक चाचा जवारी काढत, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून तिच्याखालची घोडी घासत बसले होते. घोडीवर कानस एक-दोनदा फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा कानस. पाऊण तास तार नुसती टणटणत होती. मग एकदम आवाज उमलला आणि खोलीभर गुंजन सुटलं. आमचा कॅमेरावाला नेमका तेव्हा बॅटरी बदलत होता. ‘चाचा, तेवढं शेवटचं परत कराल?’ चाचा हसले. ‘आता घासलेलं हाड परत वाढवू का?’

फिल्ममध्ये तो क्षण नाही. समोरच्या घरातला कुकर मात्र तिन्ही शिट्ट्यांसकट आलाय.

तुम्ही गाणं ऐकून किंवा माहितीपट बघून कुठे गेलात का? काय सापडलं? काहीच सापडलं नसेल तर तेही लिहा. शास्त्रीयच हवं असं नाही.

शेवंती

काहीच सापडलं नाही, म्हणून लिहिते. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात गायिका केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्यांतलं एक यान ५ सप्टेंबरला निघालं आणि बाई १६ सप्टेंबरला गेल्या. मुलीला शाळेत यावर प्रकल्प होता. ती म्हणाली, गोव्यात जातोच आहोत तर बाईंच्या गावी जाऊ. फोनच्या नकाशात केरी टाकलं आणि पोचलो थेट समुद्रावर! सुरूची झाडं, पलीकडे तेरेखोल. शहाळीवाल्याला विचारलं. ‘हें पेडणेचें केरी. एक सत्तरींत आसा. गावपी बायेचें केरी फोंड्यांत.’

रात्री थिवीहून गाडी होती, फोंडा गाठणं शक्यच नव्हतं. मुलीने वाळूत बसून मोबाइलवर भैरवी लावली. लाटांत अर्धी ऐकूच येईना. ती म्हणाली, ‘तिकडे अंतराळात तरी नीट ऐकू येत असेल का?’ मी निर्वात पोकळीत आवाज जात नाही वगैरे सांगायला लागले, तर चिडली. नवरा म्हणाला, तुला गप्प बसायला काय झालं होतं.

पनवेलचा जुना

पळस्पे फाटा म्हणजे आमच्यासाठी एसटी, वडापाव आणि ट्रॅफिक. पुण्यात शिकत असताना फिल्म अर्काइव्हमध्ये मणी कौल यांचा धृपदावरचा माहितीपट पाहिला. त्यात झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवतात. बाहेर चहा पिताना कोणीतरी म्हणालं, यांचं गुरुकुल पळस्प्याला आहे. मी विचारलं, कुठलं पळस्पे? सगळे हसले. पुढच्या रविवारी घरी गेलो तेव्हा शोधत गेलो, कुंपणापाशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि बेल न वाजवता परत आलो. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘ते वीणावाले होय? तुझ्या बाबांना माहीत होते की.’

खर्जातला

धारवाडला गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ हे घर बघायला गेलो होतो. दुपार लाईन बाजारात पेढ्याच्या रांगेत गेली. घर दुसऱ्या दिवशी पाहिलं. दोन्हीबद्दल तक्रार नाही.

भोंगा

शास्त्रीयच हवं असं नाही म्हणालात म्हणून लिहितो. लहानपण घाटकोपरला, रमाबाई नगरच्या जवळच. ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, तेव्हा मी चौथीत होतो. शाळा सोडून दिली, एवढंच कळलं. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू होतो, त्याचं चित्रण चौदा वर्षं चाललं होतं. एका वस्तीत मैदानात पडदा लावून तो दाखवला, तेव्हा आईला घेऊन गेलो. एवढी लांबलचक फिल्म, आई बसेल का, ही धाकधूक. पण गाणं लागलं आणि ती गुणगुणायला लागली. शेजारच्या मावशींनी मांडीवर ताल धरला, मग मागच्या रांगाही. पडद्यावरचा आवाज कुठला आणि मैदानातला कुठला, कळेना. एका ओळीला तर आईने हरकत घेतली, ‘आमच्याकडे असं नाही म्हणत,’ आणि पडद्याकडे बघत आपली ओळ म्हणून दाखवली. नंतर लॅपटॉपवर दोनदा पाहिली. निम्मीच वाटते.

मस्कतकर

मी कुठेच गेलो नाही, माझी तक्रार आहे. मध्ये एका वाहिनीवर एका बुजुर्ग गवयांवर कार्यक्रम होता. ते तोंड उघडतात न उघडतात तोच निवेदक सुरू, ‘या स्वरांत हिमालयाची उंची...’ अहो, गाऊ द्या की त्यांना! तासाभरात सलग गाणं दोन मिनिटंसुद्धा नव्हतं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

(धागाकर्ता)

मस्कतकर, गुन्हा कबूल. आमच्या मिरजेच्या फिल्मचं निवेदन मीच लिहिलंय. त्यात ‘सुरांचा सागर’ आहे. तोही तार छेडल्याबरोबर.

निर्गुणी

देवास. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन तिथे गेले, काही वर्षं गाणं बंदच होतं. पुढे गायले ते जवळजवळ एका फुप्फुसावर. माझ्या बाबांचाही फुप्फुसाचा तुकडा काढलेला. त्यांना कुमारांच्या गाण्यात सगळ्यात आवडायचं ते तुकड्या-तुकड्यांनी येणं आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत मधलं थांबणं. नातेवाईक म्हणायचे, या वयात देवासला काय बघायचंय? बाबा म्हणाले, हवा.

माताजीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर ते दर दहा-बारा पायऱ्यांना कठड्याला धरून थांबत. मी मोजत होते, घाबरून. म्हटलं, बाबा, परत फिरू या. त्यांनी हात वर केला. ‘थांब गं. सम यायचीय.’