हॉटेल खरंच पर्यावरणपूरक आहे का, हे कागदावरून कसं तपासायचं?

रानवारा:
४० जणांच्या तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी हॉटेल ठरवायचं आहे. हॉटेल पर्यावरणपूरक हवं आणि ते फाइलमध्ये दाखवता आलं पाहिजे, अशी संस्थेची अट आहे. तीन पर्याय उरलेत:
अ) ‘लीड’ या हरित इमारतींच्या प्रमाणपत्राची गोल्ड दर्जाची पाटी, २०१३ ची.
ब) आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक), शिवाय ‘आम्ही जीएसटीसीचे (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल) सदस्य आहोत’.
क) ‘ग्रीन की’ या हॉटेलांसाठीच्या पर्यावरण योजनेचं चालू प्रमाणपत्र, पण पीडीएफ हॉटेलनेच पाठवलेली.
तिघांच्याही वेबसाइटवर हिरवी पानं आणि टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती आहेच. कशाला किती वजन द्यायचं, आणि फोनवर नेमकं काय विचारायचं?

कागदपत्री:
हिरवी पानं आधी बाजूला ठेवा. हॉटेलने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळणारा बिल्ला आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाने येऊन तपासून दिलेलं प्रमाणपत्र यांत मोठा फरक आहे. बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये ‘ट्रॅव्हल सस्टेनेबल’ बिल्ला सुरू केला होता. तो दिशाभूल करणारा ठरू शकतो, असं नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने म्हटल्यावर २०२४ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

आता तुमचे तीन पर्याय.

लीडमध्ये आधी प्रकार विचारा. ‘डिझाइन आणि कन्स्ट्रक्शन’ प्रकारचं असेल तर ते इमारत कशी बांधली त्याबद्दल आहे. आज ती कशी चालवतात याबद्दल त्यात काही नाही. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) म्हातारे होतात, सेन्सर बिघडतात, पाटी मात्र भिंतीवर तशीच राहते. ‘ऑपरेशन्स आणि मेंटेनन्स’ प्रकार वेगळा. त्यात प्रत्यक्ष वापराचे आकडे द्यावे लागतात आणि प्रमाणपत्र ठरावीक काळाने नव्याने मिळवावं लागतं. २०१३ ची पाटी बहुधा पहिल्या प्रकारची असणार.

आयएसओ १४००१ हे व्यवस्थापन पद्धतीचं मानक. उद्दिष्टं हॉटेल स्वतःच ठरवतं आणि त्यांचा पाठपुरावा होतो की नाही ते तपासलं जातं. वीज किती युनिटांच्या आत हवी, असं ते सांगत नाही. शिस्त दिसते, कामगिरी दिसेलच असं नाही. प्रमाणपत्रावरची ‘व्याप्ती’ची ओळ मात्र नक्की वाचा. कधीकधी त्यात फक्त समूहाचं मुख्य कार्यालय असतं.

जीएसटीसीबाबत सगळ्यात जास्त घोळ होतो. ही संस्था निकष ठरवते, हॉटेलांना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. सदस्यत्व म्हणजे प्रमाणन नव्हे. ‘रेकग्नाइझ्ड’ म्हणजे एखाद्या योजनेचं मानक जीएसटीसीच्या निकषांशी जुळतं, एवढंच. ‘अक्रेडिटेड’ म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची तपासणीची पद्धतही पारखलेली आहे. तुम्हाला ‘अक्रेडिटेड’ हाच शब्द हवा.

ग्रीन की १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली, आज फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ती चालवते. त्यात लेखापरीक्षक हॉटेलवर जाऊन पाहणी करतो, म्हणून कागदापुरतं बोलायचं तर तिघांत ‘क’ वरचढ. पण हॉटेलने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत शोधा आणि पत्ता, दर्जा, मुदत जुळवा. नाव बदललेलं असू शकतं, तेव्हा पत्त्यावरून शोधलेलं बरं. साखळीतल्या एका हॉटेलचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या पानावर लावलेलं सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. यादीचा स्क्रीनशॉट तारखेसकट फाइलला लावा.

प्लँटरूम:
कागदपत्रीशी सहमत, पण प्रमाणपत्र ही गाळणी झाली. पुढे आकडे मागा. फोनवर विक्री विभागाला विचारून उपयोग नाही, चीफ इंजिनिअरला जोडून द्या म्हणा. गेल्या १२ महिन्यांची वीज, पाणी, डिझेल, गॅस आणि दर महिन्याच्या विकल्या गेलेल्या रूम-नाइट (एक खोली एका रात्रीसाठी गेली की एक रूम-नाइट), एवढंच मागायचं. ज्यांच्याकडे खरंच मोजणी होते ते दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट पाठवतात.

हिशोब असा: ६० खोल्या, ७० टक्के भरलेल्या, ३० दिवस, म्हणजे १,२६० रूम-नाइट. वीज ६३,००० युनिट असेल तर रूम-नाइटला ५० युनिट. जनरेटरला ६०० लिटर डिझेल गेलं असेल तर लिटरला साधारण २.६८ किलोप्रमाणे १,६०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रूम-नाइटला सव्वा किलोहून थोडा जास्त. विजेचा कार्बन त्या भागातल्या ग्रिडवर अवलंबून, म्हणून तो वेगळा काढायचा.

हे आकडे दोन हॉटेलांत सरळसोट ताडून पाहू नका. हॉल, तलाव, तीन रेस्टॉरंट असलेल्या हॉटेलचा आकडा फुगणारच. हॉटेल रिकामं असलं तरी लॉबी, शीतगृहं आणि पंप चालूच राहतात, त्यामुळे मंदीच्या महिन्यात रूम-नाइटचा आकडा वर जातो. त्याच हॉटेलचा गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवा.

लबाडीची आवडती जागा म्हणजे लॉन्ड्री. ती बाहेर दिली की पाणी, वीज, गॅस सगळं कागदावर झटकन कमी होतं. प्रत्यक्षात चादरी दुसरीकडे धुतल्या जातात, इतकंच. एचसीएमआय या हॉटेलांच्या कार्बन मोजणीच्या पद्धतीत बाहेर दिलेली लॉन्ड्रीही धरावी लागते, म्हणून ‘एचसीएमआयप्रमाणे आकडा आहे का’ हा प्रश्न विचाराच. तुमच्या कामाचं म्हणजे त्यात सभागृहाचाही आकडा निघतो, क्षेत्रफळ आणि तासांवर.

रानवारा:
दोघांचेही आभार. ‘ब’ने आकडा पाठवला, पण तो दर चौरस मीटरचा आहे. सोबत ‘१०० टक्के हरित वीज’ आणि ‘कार्बन न्यूट्रल मुक्काम’ असं लिहिलंय. ‘क’ जुळलं, यादीत आहे.

कागदपत्री:
दर चौरस मीटरचा आकडा खोटा नाही, पण हॉटेल निम्मं रिकामं असेल तर तो छान दिसतो. रूम-नाइटच मागा.

हरित विजेबद्दल एकच विचारा: छतावर तयार होते, थेट करार आहे, की नुसती प्रमाणपत्रं विकत घेतली? तिसरं असेल तर मीटर तितकाच फिरतोय, काटकसर शून्य.

‘कार्बन न्यूट्रल मुक्काम’ म्हणजे बहुतेक वेळा ऑफसेट, म्हणजे स्वतःचं उत्सर्जन तसंच ठेवून दुसरीकडच्या कपातीसाठी पैसे मोजणं. ऑफसेटवर बेतलेले असले दावे युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने (क्रमांक २०२४/८२५) बंद करायला घेतले. तो २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू. प्रमाणन योजनेचा किंवा सरकारी यंत्रणेचा आधार नसलेली टिकाऊपणाची लेबलंही त्यात बाद. तुमचं हॉटेल युरोपात नसलं तरी कसोटी म्हणून तोच नियम लावा. ‘ब’चं हे वाक्य फाइलमध्ये पुरावा म्हणून घेऊ नका.

ओलीचिंब:
पाहणीला गेलात तर एक लिटरची बाटली आणि घड्याळ सोबत ठेवा. शॉवर पूर्ण सोडून बाटली किती सेकंदांत भरते ते बघा. ६० ला सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात. सात सेकंद लागले तर ८.६, चार सेकंदांत भरली तर १५. मिनिटाला नऊच्या आत हवं. एकच खोली बघू नका. दाखवायच्या खोलीत नवा शॉवर बसवलेला असतो, वरच्या आणि खालच्या मजल्यावर मिळून तीन खोल्या बघा. खालच्या मजल्यांवर दाब जास्त असतो आणि रेस्ट्रिक्टर (पाण्याचा प्रवाह कमी करणारी चकती) काढून टाकलेलेही सापडतात.

टॉवेलच्या कार्डबद्दल हाउसकीपिंगच्या माणसाला विचारा, व्यवस्थापकाला नको. ‘टांगलेला टॉवेल उचलायचा की ठेवायचा?’ उत्तर अडखळलं तर कार्ड शोभेचं.

सांडपाणी प्रकल्प असेल तर ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) चालू आहे का ते बघा आणि रोजच्या नोंदीची वही मागा. सगळ्या पानांवर एकच शाई, एकच अक्षर आणि एकसारखे आकडे दिसले तर ती वही काल रात्री लिहिलीये.

प्लँटरूम:
शेवटच्या ओळीला अनुमोदन! तीन दिवसांच्या कार्यक्रमात हॉलचा एसी आणि बुफे हेच मोठे खर्च, त्यामुळे करारात हे घाला: हॉल २४ अंशांवर, सत्र संपल्यावर अर्ध्या तासात एसी बंद, जेवणाची अंतिम संख्या ४८ तास आधी, पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार. आणि ‘मुक्काम संपल्यावर सात दिवसांत हॉलच्या सबमीटरचं (फक्त हॉलची वीज मोजणारा वेगळा मीटर) वाचन द्यावं’. सबमीटरच नसेल तर ते सही करायच्या आधीच कळेल.

रानवारा:
‘क’ला सबमीटर आहे, ‘अ’ला नाही. ‘क’च्या शॉवरची पाहणी शनिवारी. तिथे लॉन्ड्री बाहेर जाते असं कळलं, तिचा आकडा मागितलाय.