रथसप्तमीचे १०८ नमस्कार: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव, बी-२०१: मंडळी, दुकान क्र. ४ मधल्या योग स्टुडिओच्या ताईंनी रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम सुचवलाय. पोडियम आपला, शिकवणं त्यांचं. जमेल तो निधी कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांना राहायची सोय करणाऱ्या संस्थेला. माणशी ५०० चं तिकीट, पैसे सोसायटीच्या क्यूआरवर, असा कच्चा विचार आहे. सूचना टाका.

ए-७०४ (सीए): कार्यक्रमाला हो. तिकिटाला नाही आणि सोसायटीच्या क्यूआरलाही नाही.

बी-५०५: अहो गणपतीला घेतोच की वर्गणी. आता काय नवीन?

ए-७०४ (सीए): काका, गणपतीची वर्गणी आपल्याच सभासदांची, आपल्याच उत्सवाला. इथे बाहेरचे लोक येणार आणि आपण दुसऱ्या कुणाच्या नावाने धर्मादाय पैसा गोळा करणार. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना असं करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. रस्त्यावरची गणेश मंडळं घेतात तीच. मग हिशेबही त्यांना द्यायचा. शिवाय सोसायटीच्या खात्यात आलेला रुपया ऑडिटला दिसणार, तो कसला म्हणून खजिनदारांना विचारणार.
त्यापेक्षा संस्थेचाच क्यूआर लावा. पैसा थेट तिकडे, पावती तिकडून. आपण फक्त जागा आणि माणसं द्यायची.

स्टुडिओ ताई, दुकान ४: आणि तिकीट का नको? फुकट म्हटलं की लोक नाव देतात आणि येत नाहीत, हा आमच्या धंद्यातला नियमच आहे. शंभर नावं आली तर साठ मॅट घालायच्या.

ए-७०४ (सीए): ताई, तिकीट तुम्ही लावलं तर ती तुमच्या सेवेची किंमत झाली, दान नव्हे. जिम आणि योगवर्गांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण तो लागतो. तुमची नोंदणी असेल तर ५०० मधून आधी तो काढा. देणाऱ्याला ८०-जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलतही नाही, कारण त्याने पैशाच्या बदल्यात क्लास घेतला.
"या महिन्याच्या फीचे १० टक्के दान" अशी पाटी काही स्टुडिओ लावतात, त्यातही हेच होतं. कर पूर्ण फीवर, देणगीची पावती स्टुडिओच्या नावाने, मेंबरच्या हाती काही नाही. वाईट नाही ते, फक्त मेंबरला आधी सांगायला हवं.
म्हणून क्लास खरोखर मोफत. देणगी ऐच्छिक, थेट संस्थेला. शून्य देणाऱ्यालाही मॅट मिळालीच पाहिजे, नाहीतर ते तिकीटच.

सी-१०३ (ट्रस्टचे हिशेब पाहतात): याला पूर्ण दुजोरा. संस्थेच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.
संस्था पक्की करण्याआधी त्यांच्याकडून ट्रस्ट नोंदणी क्रमांक, १२-एबी (आयकर खात्याकडची धर्मादाय नोंदणी) आणि ८०-जी चे आदेश, तीनही मागा. हे कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले. ८०-जी च्या आदेशावर कोणत्या वर्षापर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. ही मुदत संपते, कायमची नसते. लेटरहेडवर "८०-जी मान्यताप्राप्त" छापलंय एवढ्यावर जाऊ नका, लेटरहेड पाच वर्षांपूर्वी छापलेलं असतं.
दुसरं, देणगीदाराचं पॅनवरचं नाव, पॅन, पत्ता, रक्कम आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक संस्थेकडे गेला पाहिजे. वर्ष संपल्यावर संस्था देणग्यांचं विवरणपत्र भरते (१९६१ च्या कायद्यात फॉर्म १०-बीडी), ३१ मे पर्यंत, आणि त्यातून देणगीदाराचं प्रमाणपत्र (तेव्हाचं १०-बीई) निघतं. सवलत त्या प्रमाणपत्रावर मिळते, हाताने फाडलेल्या पावतीवर नाही. पॅनचं एक अक्षर चुकलं की प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर.
तिसरं, पॅन ग्रुपवर टाकू नका. संस्थेच्या फॉर्मवरच भरा.
चौथं, रोख. २,००० च्या वर रोख दिली तर सवलत शून्य. घोंगड्या, तांदूळ, जुने कपडे यांनाही नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर हे सगळं विसरून मनापासून द्या.

बी-५०५: गुप्तदानाची पेटी ठेवा की मग. पूर्वी देवळात काय पॅन मागत होते का?

सी-१०३ (ट्रस्टचे हिशेब पाहतात): देवळाची गोष्ट वेगळी काका. धर्मादाय संस्थेला निनावी देणगी ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर त्यावर ३० टक्के कर बसतो. मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल ते. आपल्या पेटीने ती ओलांडणार नाही, पण संस्थेकडे अशा बऱ्याच पेट्या येतात. पेटी ठेवायचीच तर शेजारी नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या ठेवा आणि नोट चिठ्ठीत गुंडाळून टाकायला सांगा. पेटी उघडताना संस्थेचा माणूस आणि कमिटीतले दोघे हजर, जागेवर मोजणी, तिघांची सही, त्याच दिवशी संस्थेची पावती.

डी-८०२: माझा मुलगा न्यू जर्सीहून १०० डॉलर पाठवतो म्हणतोय, चालेल ना?

ए-७०४ (सीए): पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत बिनधास्त. अमेरिकन असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, तो परदेशी निधी धरतात. मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच यायला हवा. पोडियमवरच्या क्यूआरवर नको. आणि "तू मला पाठव, मी इथून भरते" हेही नको. पैसा परदेशी नागरिकाचाच राहतो, फक्त नाव तुमचं लागतं.

सचिव, बी-२०१: बरं. तिकीट रद्द, संस्थेचा क्यूआर. मग टी-शर्ट तरी छापू ना? फोटो छान येतात.

सी-१०३ (ट्रस्टचे हिशेब पाहतात): साठ टी-शर्ट, एक २२० ला धरा. १३,२०० गेले. साठ जणांनी सरासरी ५०० दिले तर जमा ३०,०००. म्हणजे जवळजवळ निम्मा निधी अंगावर. वर एक्सएलचा स्टॉक कमी पडतो आणि एस उरतो, ते वेगळंच. मेडल, ट्रॉफी, फ्लेक्स सगळ्याला हाच हिशेब. खर्च कुणी प्रायोजक उचलत असेल तरच, आणि त्याने तो थेट विक्रेत्याला द्यावा, निधीत मिसळू नये.

स्टुडिओ ताई, दुकान ४: मान्य. नमस्कारागणिक बोली लावायची का? मॅरेथॉनमध्ये किलोमीटरमागे देणगी मागतात तशी. नमस्काराला ५ रुपये म्हणजे पूर्ण केले की ५४०.

सी-३०२ (फिजिओथेरपिस्ट): याला माझा विरोध आहे. मनगट दुखायला लागलं की माणूस थांबतो. पण मागे तिघांची बोली लागली असेल तर तो थांबत नाही, ओढतो. साठाव्या-सत्तराव्या नमस्काराला खांदे दमतात, अष्टांग नमस्कारात शरीर हळू उतरण्याऐवजी धपकन पडतं, सगळा भार मनगटावर आणि कमरेवर. पैसे आकड्याला बांधू नका. रक्कम आधीच ठरवून आधीच भरा, मग कुणी २७ करो की १०८.

ए-७०४ (सीए): वसुलीच्या दृष्टीनेही तेच बरं. कार्यक्रमानंतर बोलीचे पैसे मागत फिरणं म्हणजे उधारी. पहिला आठवडा हसून देतात, दुसऱ्या आठवड्यात निळी टिकही येत नाही.

स्टुडिओ ताई, दुकान ४: चालेल. मग आकडा सगळ्यांचा मिळून धरू. २० जण १०८, २० जण ५४, २० जण २७, एकूण ३,७८० नमस्कार. फलकावर तो चढता आकडा लावू, लोकांना त्यातही मजा येते.
जागेचं सांगते. मॅट साधारण ६ बाय २ फूट, पण हात-पाय बाहेर जातात, म्हणून माणशी ७ बाय ४ धरा, २८ चौरस फूट. पोडियमचा मोकळा भाग २,४०० आहे. पाचवा हिस्सा चालायला आणि माझ्या चौथऱ्याला गेला की ६८ बसतात. नोंदणी ६० ला बंद करते.
आवर्तनं १२ ची ९. एका नमस्काराला २५ सेकंद, म्हणजे १२ ला पाच मिनिटं, एकूण ४५. मधल्या आठ विश्रांती दीड-दीड मिनिटाच्या, त्या १२. आधी १२ मिनिटं अंग मोकळं करणं, शेवटी १० मिनिटं शवासन. ते कापायचं नाही, वेळ कमी पडली तर भाषण कापा.

बी-५०५: आमच्या शाळेत ९ ची १२ घ्यायचे.

सी-३०२ (फिजिओथेरपिस्ट): काका, ९ ची १२ मध्ये एक गोम आहे. पाय आलटून-पालटून मागे जातो. ९ विषम आहे, त्यामुळे आवर्तनात एक पाय ५ वेळा, दुसरा ४ वेळा. पुढचं आवर्तन दुसऱ्या पायाने सुरू केलं तर फिटतं. पण विश्रांतीनंतर सगळे सवयीने पुन्हा उजवाच टाकतात. शेवटी उजवा ६०, डावा ४८, आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाजूचा खुबा धरतो. १२ मध्ये ६-६ होतात, लक्षात ठेवायची भानगडच नाही. मोजायला प्रत्येकाजवळ ९ चिंचोके ठेवा, आवर्तन झालं की एक उजवीकडून डावीकडे.
१०८ च्या गटात फक्त तेच घ्या जे आत्ता रोज २४ तरी करतात. बाकीच्यांनी आजपासून १२ ने सुरू करून दर चार दिवसांनी ६ वाढवावेत, त्या दिवशी ५४ वर थांबावं. रक्तदाब आटोक्यात नसलेले, काचबिंदूवाले, हर्निया, सरकलेली चकती, गरोदर: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. डोकं खाली जाणारी आसनं यात आहेत.
इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी "सूर्यनमस्कार उपाशीपोटीच" हा हट्ट सोडावा. औषधाचा डोस आणि वेळ डॉक्टरांकडून ठरवून यावं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. नमस्कारही १०८ आणि रुग्णवाहिकाही १०८, स्वयंसेवकांच्या निदान एवढं तरी लक्षात राहील.

डी-८०२: ज्येष्ठांचं काय?

स्टुडिओ ताई, दुकान ४: खुर्चीवरचे २७, हाताच्या खुर्च्या नकोत, बिनहाताच्या आणि न घसरणाऱ्या. क्लब हाऊसमधल्या प्लॅस्टिकच्या नकोत, पुढे वाकलं की मागचे पाय उचलतात.

ए-१०२: पोडियमला लागून आमच्या बेडरूम आहेत. पहाटे डीजे लावू नका एवढीच विनंती.

सचिव, बी-२०१: स्पीकर सकाळी ६ च्या आधी लावताच येत नाही, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ताई, गाणी लागतील का?

स्टुडिओ ताई, दुकान ४: नकोतच. गाण्याच्या ठेक्यावर श्वास धावतो. कॉलर माइकवर फक्त आकडे आणि स्थिती म्हणते, मंत्र ज्यांना म्हणायचे त्यांनी मनात म्हणावेत. दोन छोटे स्पीकर, तोंडं इमारतीकडे नाही, बागेकडे. इथे त्या दिवसांत सूर्य सातच्या जरा पुढे वर येतो, म्हणून पावणेसातला सुरुवात.
फरशीचं मात्र बघा. त्या दिवसांत दव पडतं, पॉलिश केलेल्या टाइलवर मॅट सरकते. आदल्या रात्री धुऊ नका, पहाटे साडेपाचला कोरड्या पोछ्याने दोनदा पुसायचं. खाली सतरंजी अंथरायचा आग्रह दरवर्षी होतो, पण सतरंजीवर मॅट गोळा होते आणि मागे पाय टाकताना अडकते. एकतर सतरंजी नाहीतर मॅट.

सचिव, बी-२०१: हाउसकीपिंगला सांगतो. पाणी?

सी-३०२ (फिजिओथेरपिस्ट): माणशी अर्धा लिटर, ६० जणांना ३०. वीस लिटरचे दोन जार पुरतात. बाटल्या घरून आणा. ओआरएसची एक लिटरवाली पाकिटं पाच ठेवा, एक पाकीट बरोबर एक लिटरमध्ये, अर्धं पाकीट ग्लासात नाही.

ए-७०४ (सीए): क्यूआर ए-३ वर छापा, लॅमिनेशन मॅट. चकचकीत केलं की सकाळच्या तिरप्या उन्हात स्कॅन होत नाही. संस्थेच्या माणसासमोर १ रुपया पाठवून नाव नीट दिसतं का तपासा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तासाभराने परत. क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवायला दहा सेकंद लागतात. बेसमेंटला रेंज नाही, म्हणून टेबल लिफ्ट लॉबीत नको, पोडियमच्या पायऱ्यांशी.

सचिव, बी-२०१: ठरलं तर. संस्थेचं पत्र आणि आदेशांच्या प्रती आल्या की कमिटीचा ठराव, मगच फलक. ठरावात लिहू की पोडियम विनामूल्य, स्टुडिओने त्या दिवशी मेंबरशिपची पत्रकं वाटायची नाहीत. बाहेरच्यांची नावं आदल्या रात्री गेटवर. गाड्या बाहेर.

स्टुडिओ ताई, दुकान ४: पत्रकांचं मान्य. बॅनरवर खाली नाव चालेल?

सचिव, बी-२०१: संस्थेच्या नावापेक्षा लहान.

बी-५०५: खुर्चीवरच्या २७ मध्ये माझं नाव घ्या. १,१०० माझ्याकडून. पावतीसाठी पॅन लिहून घ्या

*हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला*

सी-१०३ (ट्रस्टचे हिशेब पाहतात): काका, संध्याकाळी घरी येतो, संस्थेच्या फॉर्मवर भरून देतो.